उपकेंद्राच्या मैदानातली छावणी

गहिनीनाथ नागरगोजे विद्यापीठात नोकरीला होते, पण ते जिथं बसत त्या जागेला कुणी विद्यापीठ म्हणत नसे. सिरसाळ्याच्या रस्त्याला, वस्तीपासून जरा आडबाजूला, मुरमाड माळावर दोन बैठ्या इमारती, मुलींचं एक वसतिगृह आणि भोवती दगडाचं कुंपण, एवढाच तो पसारा. कागदोपत्री ते विद्यापीठाचं उपकेंद्र होतं. आसपासची माणसं त्याला 'सेंटर' म्हणायची. मुख्य विद्यापीठ लांब शहरात. तिकडं एक काम करून यायचं तर यष्टीत जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडायचे. त्यामुळं पदवीचा कागद असो, नाहीतर बापाच्या नावातला चुकलेला काना असो, अर्ध्या जिल्ह्यातली पोरंपोरी आधी माळावर यायची आणि गहिनीनाथांच्या टेबलासमोर उभी राहायची.

त्यांचं पद अधीक्षकाचं. त्यांच्या डोक्यावर एक संचालक असायचे, पण ते कायम कुठल्यातरी दुसऱ्या कामाचा पदभार सांभाळून इथले असत. मंगळवारी गाडीनं यायचे, सह्या करायचे, जेवायचे आणि उन्हं कलायच्या आत परत फिरायचे. बाकी खडूपासून बोअरच्या मोटारीपर्यंत सगळं गहिनीनाथांकडं. उंच, सडपातळ माणूस, आवाज खालच्या पट्टीतला. चिडले तरी समोरच्याला कळायला वेळ लागायचा. पंचावन्नाव्या वर्षी त्यांना पित्ताचा त्रास होता आणि गुडघे बोलायला लागले होते. घरी गेले की ते ओट्यावर बसून बराच वेळ पायातल्या चपलाही काढत नसत. बायको बायनाबाई म्हणायची, "काढा की. का परत जायचंय?"

माळाची ती जमीन मुळात गावच्या दूध संस्थेची. संस्थेनं ती दूध शीतकरण केंद्रासाठी घेतली होती. केंद्र काही आलं नाही. मग विद्यापीठ या भागात जागा शोधतंय असं कळलं तेव्हा संस्थेचे चेअरमन भगवानराव यांनी सभासदांना गोळा करून ती देऊन टाकायला लावली. भगवानराव म्हणजे पांढऱ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा बागायतदार. तीन निवडणुका जिंकलेला, दोन हरलेला. सगळे त्यांना आप्पा म्हणत. सभासद कुरकुरले तेव्हा ते म्हणाले होते की दूध काय कुठंही थंड होतं, पोरी शिकायला दुसरीकडं कुठं जातील? गहिनीनाथ तेव्हा मुख्य विद्यापीठात कारकून होते. वडलांची नजर गेली होती, म्हणून त्यांनी बदली मागितली आणि पहिल्या दिवशी कुलूप उघडायला तेच आले.

वसतिगृहावर त्यांचा जीव होता. त्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की घराला कुलूप, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, गहिनीनाथ चुलत्याच्या घरी. पोरगा होता म्हणून मागं ठेवला गेला. बहिणी गेल्या आईबापाबरोबर, खोपीत भाकरी थापायला आणि धाकटी सांभाळायला. त्यातली एकही चौथीच्या पुढं गेली नाही. अजूनही या भागात दिवाळीनंतर अर्धी घरं कुलपात असतात. घरातली पोरगी मोठी झाली की तिला एक तर फडात न्यायचं, नाहीतर तिचं लग्न उरकायचं, म्हणजे टोळीत नवराबायकोच्या जोडीचा एक कोयता वाढतो. माळावरच्या वसतिगृहानं तिसरी वाट काढून दिली होती. तिथं राहणाऱ्या निम्म्याहून जास्त पोरींचे आईबाप सहा महिने दूर कुठंतरी उसाच्या फडात असायचे.

काटछाट आली ती एकदम आली नाही. सुकत जाणाऱ्या विहिरीसारखी आली. एक कारकून निवृत्त झाला, त्याच्या जागी माणूस आला नाही. ग्रंथालयातली वर्तमानपत्रं बंद झाली. पाणलोटाचा एक अभ्यासक्रम होता, त्याला पुरेशी पोरं मिळत नाहीत म्हणून तो बंद झाला, आणि तोही नेमका विहिरी आटायला लागल्या त्याच साली. समाजकार्याचा विभाग तेवढा उरला. मग एके दिवशी परिपत्रक आलं की विद्यापीठाच्या प्रशासनाची पुनर्रचना होणार आहे आणि सर्व उपकेंद्रांनी आपल्या उपयुक्ततेची माहिती सादर करावी. गहिनीनाथांनी ती माहिती पाठवली. महिन्यानं तीच माहिती वेगळ्या नमुन्यात मागवली. तीही पाठवली. तिसऱ्या वेळी मागवली तेव्हा ते केसरबाईला म्हणाले की आपण उपयोगाचे आहोत हे आता आपल्यालाच खरं वाटेना झालंय.

केसरबाई वसतिगृहाची मदतनीस. कंत्राटावर होती. नवरा दूध संस्थेचा सभासद होता, तो गेल्यावर त्याचा शेअर तिच्या नावावर झाला होता. पोरी तिला मावशी म्हणायच्या आणि रेक्टरबाईंपेक्षा तिलाच जास्त भ्यायच्या.

त्या साली, म्हणजे दोन हजार पंधराला, पाऊस सलग तिसऱ्यांदा हुकला. पोळ्यापर्यंत लोक आभाळाकडं बघत होते, नंतर बघायचंच सोडून दिलं. बोअर फूस्स करून हवा सोडायला लागला. सिरसाळ्याच्या बाजारात दुभत्या म्हशी मातीमोल भावानं जायला लागल्या. दूध संस्थेचं संकलन इतकं उतरलं की सकाळी कॅन खडखडत जायचे.

तेव्हा एका सकाळी भगवानराव माळावर आले. खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले. संस्थेच्या नावानं जनावरांची चारा छावणी मंजूर झाली होती, चारा यायचा होता, टँकर यायचा होता, पण जागा नव्हती. म्हणजे जागा होत्या, पण सपाट, कुंपणाची आणि रस्त्याला लागून एकच होती, ती म्हणजे सेंटरचं मैदान. तिथं एक मोठा हौदही होता. गहिनीनाथ म्हणाले की आप्पा, हे माझ्या हातात नाही. भगवानराव म्हणाले, "तुज्या हातात न्हाई तर कुनाच्या हातात हाय? मंगळवारच्या सायबाच्या? त्याला ढोर म्हंजी काय ते तरी ठाव हाय का?"

गहिनीनाथांनी संचालकांना फोन लावला. संचालक कुठल्यातरी बैठकीला निघाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की तुम्ही तिथले आहात नागरगोजे, स्थानिक पातळीवर बघून घ्या. फोन बंद झाला. गहिनीनाथ हातातल्या फोनकडं बघत बसले. हो म्हणाले की नाही म्हणाले, हे त्यांना ठरवता येईना. मग त्यांनी ते स्वतःच ठरवलं. भगवानरावांना त्यांनी एकच अट घातली. छावणीचा टँकर आला की आधी वसतिगृहाची टाकी भरायची, मग हौद.

जनावरं आली. चार दिवसांत मैदानाचं रूपच पालटलं. बांबू, पाचट आणि जुन्या साड्यांच्या सावल्या उभ्या राहिल्या. म्हशी, बैल, गाभण गाई दावणीला लागल्या, आणि त्यांच्यासोबत त्यांची माणसंही बाजा टाकून राहिली. शेणाचा वास वर्गात यायला लागला. समाजकार्याच्या प्राध्यापकांनी नाकाला रुमाल लावला. पण दोन आठवड्यांनी त्यांनीच पोरींना छावणीत पाठवायला सुरुवात केली, कारण शिकवायला याहून चांगला धडा कुठं मिळणार होता? पोरी माणसांशी बोलायच्या आणि लिहून आणायच्या. त्यात शिवकन्या नावाची एक पोरगी होती, धर्मापुरीकडची, पहिल्या वर्षाला. ती लिहायची कमी आणि दूध काढायला बसायची जास्त. केसरबाई तिला रागवायची की शिकायला आलीस का राबायला. शिवकन्या म्हणायची, मावशी, हात रिकामा राहिला की घरची आठवण येते.

दिवाळी झाली. तिचे आईबाप टोळीबरोबर कर्नाटकात गेले. जाताना ट्रॅक्टर माळाच्या समोर थांबवून त्यांनी तिला हाक मारली आणि घराची किल्ली तिच्या हातात दिली. त्या साली इतर ठिकाणची वसतिगृहं पाण्यावाचून बंद पडत होती. माळावरचं चालू राहिलं, ते छावणीच्या टँकरवर.

पुनर्रचनेची समिती आली ती डिसेंबरात. तीन माणसं होती. अध्यक्ष निवृत्त झालेले मोठे अधिकारी, अंगात बंद गळ्याचा कोट, बोलणं मृदू. त्यांच्याबरोबर एक हिशेबाचे तज्ज्ञ आणि एक प्राध्यापक बाई. त्या दिवशी संचालकही आले, मंगळवार नसताना. गहिनीनाथांनी आदल्या दिवशी वर्ग झाडून घेतले होते, कुंड्यांना पाणी घातलं होतं. पण छावणी काही झाकता येण्यासारखी नव्हती. गाडी फाटकातून आत आली ती म्हशींच्या मधूनच.

अध्यक्षांनी सगळं शांतपणं बघितलं. वर्ग बघितले, कार्यालय बघितलं, ग्रंथालयात एका पुस्तकावरची धूळ बोटानं पुसली. मग व्हरांड्यात उभं राहून मैदानाकडं हात करून विचारलं, "ही जनावरं कुणाच्या परवानगीनं?"

संचालकांनी फोन खिशातून काढला आणि त्यात बघत म्हणाले, "मला याची पूर्ण कल्पना नव्हती. नागरगोजे, तुम्ही सांगा."

गहिनीनाथांनी त्यांच्याकडं पाहिलं. तो फोन, ते 'स्थानिक पातळीवर', सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे संचालक नाही म्हणणार, मग आपण होय म्हणणार, मग तारीख, मग वेळ, आणि सगळी दुपार त्यातच जाणार. त्यांना अचानक फार थकल्यासारखं वाटलं.

"माझ्या परवानगीनं, सर," ते म्हणाले.

"लेखी?"

"नाही सर."

"मग का दिली?"

"पाण्यासाठी. छावणीच्या टँकरवर वसतिगृह चालू आहे. टँकर नसता तर दिवाळीलाच पोरींना घरी पाठवावं लागलं असतं. आणि त्यांच्या घरी कुणी नाही, घरांना कुलपं आहेत."

अध्यक्षांनी वसतिगृहाकडं एकदा पाहिलं. मग जवळजवळ समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमची अडचण मला कळते. पण हे विद्यापीठ आहे, नागरगोजे."

"हो सर," गहिनीनाथ म्हणाले.

प्राध्यापक बाई वसतिगृहात गेल्या. त्यांनी शिवकन्येला विचारलं की विभाग मुख्य विद्यापीठात हलवला तर तू तिकडं येशील का. शिवकन्येनं उलट विचारलं की तिकडं राहायला खोली मिळेल का. बाई म्हणाल्या, प्रयत्न करू. शिवकन्या लहान होती, तरी सरकारी 'प्रयत्न करू' म्हणजे काय ते तिला कळत होतं.

संक्रांत झाल्यावर आदेश आला. समाजकार्याचा विभाग मुख्य विद्यापीठातल्या विभागात विलीन. वसतिगृह बंद. कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या सेवा समाप्त. अधीक्षकांची बदली मुख्य विद्यापीठात. उपकेंद्राच्या जागी एका खोलीत 'सुविधा कक्ष' राहील. कारणांमध्ये एक वाक्य होतं की परिसराचा वापर शैक्षणिक कारणासाठी होत नसल्याचं समितीच्या निदर्शनास आलं.

त्या एका वाक्यानं गाव पेटलं. चहाच्या टपरीवर दोन तट पडले. एक म्हणायचा की ढोरं बांधली म्हणून कॉलेज गेलं. दुसरा म्हणायचा, ढोरं बांधली नसती तर ढोरं गेली असती, मग काय कॉलेजचं दूध काढलं असतं? भगवानराव ज्याच्या त्याच्याशी भांडत सुटले. गहिनीनाथांना तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण टँकरच्या रांगेत बायनाबाईच्या कानावर पडायचं ते पडलंच. जेवताना ती म्हणाली, "लोकं म्हनत्यात, तुमी म्हशीपायी पोरी घालवल्या."

गहिनीनाथ घास चावत राहिले.

"कावून बोलत न्हाईत?" ती म्हणाली. "त्या सायबानं फोनवर हो म्हनलं व्हतं. सांगा की लोकाला."

"हो म्हणाला नव्हता," गहिनीनाथ म्हणाले. "नाही पण म्हणाला नव्हता."

बायनाबाईनं भाकरीचा तुकडा त्यांच्या ताटात टाकला आणि उठून गेली. तिला राग आला होता, पण नवऱ्याचा की साहेबाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मोर्चा काढायचं भगवानरावांच्या मनात होतं. पण मोर्चाला माणसं कुठली? तरणीताठी फडात, उरलेली छावणीत. शेवटी ते, गहिनीनाथ आणि शिवकन्या असे तिघंच जीपमधून मुख्य विद्यापीठात गेले. वाटेत आप्पा भाषणाची तयारी करत होते. मधूनच एखादं वाक्य मोठ्यानं म्हणून बघायचे आणि गहिनीनाथांना विचारायचे, कसं वाटतं? गहिनीनाथ म्हणायचे, चांगलं वाटतं.

कुलसचिव मॅडमनी त्यांना लगेच आत बोलावलं. चहा मागवला. आप्पांनी सुरुवात केली. जमीन कुणी दिली, का दिली, तीन दुष्काळ कसे काढले, आणि जनावरं कुठल्या परिस्थितीत बांधली. आवाज चढत गेला. मॅडमनी ते संपेपर्यंत ऐकलं. मग त्या म्हणाल्या की जनावरांचा यात काहीच संबंध नाही, आदेशातलं ते वाक्य नुसतं कागदापुरतं. गेल्या वर्षीचं अंदाजपत्रक झालं तेव्हाच तीन उपकेंद्रांचा खर्च त्यातून काढून टाकला होता. समितीला फक्त कुठलं आधी आणि कुठलं नंतर एवढंच ठरवायचं होतं. शासनाकडून येणारा पैसा आटलाय, शहरातल्या विभागांतसुद्धा निम्म्या जागा रिकाम्या आहेत, त्यांना स्वतःलाही तीन माणसांचं काम करावं लागतंय. हे सांगताना त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि टेबलावर औषधाची पाकिटं.

भगवानरावांनी चहाचा कप खाली ठेवला. दोन महिने ते ज्या आरोपाशी झुंजत होते त्याच्यामुळं काही घडलंच नव्हतं.

तेव्हा गहिनीनाथ बोलले. त्यांनी उपकेंद्राबद्दल काही मागितलं नाही, स्वतःच्या बदलीबद्दल नाही. एवढंच म्हणाले की मॅडम, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत वसतिगृह चालू ठेवा. पोरींचे आईबाप एप्रिलात येतील. तोवर पाठवायचं म्हटलं तरी पाठवणार कुणाकडं? मॅडमनी शिवकन्येकडं पाहिलं. तुझे आईवडील कुठं आहेत, विचारलं. शिवकन्येनं कर्नाटकातल्या एका कारखान्याचं नाव सांगितलं. मॅडम म्हणाल्या, परीक्षा संपेपर्यंत ठेवते. त्यापुढं माझ्या हातात नाही.

परतीच्या वाटेवर जीप एका हॉटेलापाशी थांबली. शिवकन्या गाडीतच डोळे मिटून बसली होती. दोघे बाकड्यावर बसले. आप्पांनी चहा बशीत ओतला पण प्याले नाहीत. बशी तशीच हातात धरून म्हणाले, "गहिनीनाथ, मला वाटलं व्हतं आपन चुकलो. चुकलो असतो तर बरं झालं असतं रं. चूक असंल तर मानूस दुरुस्त तरी करतो."

गहिनीनाथांनी मान हलवली. गावातल्या लोकांना आता खरं कारण सांगता येणार होतं, म्हशींवरचा आळ उतरणार होता. पण त्यांना हलकं काही वाटलं नाही. आधी निदान वाटायचं की आपल्या हातून काहीतरी झालं. आता कळलं की आपल्या हातून काहीच झालं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. इतकी वर्षं पाठवलेली ती माहिती कुणी उघडून तरी बघितली असेल का, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि तोही त्यांनी सोडून दिला.

पोरींच्या पुढच्या सालाचं मात्र बघावं लागणार होतं. ही गोष्ट पहिल्यांदा केसरबाईनं काढली. दूध संस्थेच्या इमारतीत एक मोठं दालन होतं. सुकाळात तिथं कॅनची रांग लागायची. आता एका कोपऱ्यात काम भागायचं, बाकी जागा उंदरांची. पोरी तिथं का राहू नयेत, असं ती म्हणाली. सिरसाळ्याचं कॉलेज तिथून चालत जाण्यासारखं होतं. गहिनीनाथांनी ते आप्पांच्या कानावर घातलं. आप्पांनी सभासदांची बैठक लावली.

बैठक संस्थेच्या अंगणात झाली. माणसं थकलेली होती, छावणीतून उठून आली होती. आप्पांनी विषय मांडला. मग सिदू नावाचा एक सभासद उठला. त्याची दोन जनावरं त्या उन्हाळ्यात दगावली होती. तो म्हणाला, "संस्थेनं ढोरं संभाळली. आता पोरी बी संभाळायच्या? मंग दुधाचं कोन बघायचं?"

माणसं हसली. केसरबाई भिंतीला टेकून उभी होती. ती पदर सावरत पुढं आली आणि म्हणाली की शेअर माझ्या नावावर आहे, म्हणून बोलते. "पोरीला ढोरावानी संभाळावं लागत न्हाई. त्या सोता राहत्यात. त्येन्ला फकस्त दाराला आतून कडी पायजे आन् पानी पायजे. कडी मी बसवून घेते. पान्याचं तुमी बगा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सिदू खाली बसला. एक साल बघू, असं ठरलं. उत्साह नव्हता, पण विरोध करायलाही त्राण लागतं, आणि तेही कुणात उरलं नव्हतं.

मे महिन्यात वसतिगृहाला कुलूप लागलं. पोरींनी गाद्या, बादल्या, ट्रंका बैलगाडीतून संस्थेत नेल्या. सगळ्या आल्या नाहीत. काही दुसऱ्या गावी मामाकडं गेल्या. दोघींची लग्नं त्याच उन्हाळ्यात लागली, त्यातल्या एकीच्या लग्नाला गहिनीनाथ जाऊन आले. अक्षता टाकल्या, जेवले आणि पोरीच्या बापाशी एक शब्दही न बोलता परतले. शिवकन्येला शहरात खोली मिळाली नाही. तिनं बाहेरून परीक्षा द्यायचं ठरवलं आणि संस्थेतल्या दालनात धाकट्या पोरींबरोबर राहायला लागली. केसरबाईला पगार नव्हता. संस्था तिला रोजचं दूध द्यायची आणि पोरींचे आईबाप परत आले की धान्य.

गहिनीनाथ मुख्य विद्यापीठात रुजू झाले. एका लांबलचक हॉलमध्ये टेबलांच्या रांगा, त्यातलं खिडकीपासून दूरचं एक टेबल त्यांचं. काम एकाच प्रकारच्या कागदांचं. मोटार जळाली, टाकी गळते, पोरगी आजारी पडली, असं सांगायला कुणी येत नव्हतं. काही ठरवावंही लागत नव्हतं. खरं तर हा आराम होता, पित्तही जरा बसलं होतं. पण संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर जाऊन ते अंग टाकत तेव्हा दिवसभर काय केलं ते त्यांना आठवायचं नाही, आणि माळावर कधी आला नव्हता असा शीण हाडात उतरायचा. शनिवारी यष्टीनं घरी यायचे, रविवारी परत. निवृत्तीचा कार्यक्रम तिघांचा मिळून एकच झाला, खर्च नको म्हणून. शाली तीन, हार तीन, भाषण एकच. त्या भाषणात त्यांचं गाव चुकीचं सांगितलं गेलं. त्यांनी दुरुस्त केलं नाही.

ते घरी परतले तोवर पाऊसकाळ एकदा बरा होऊन गेला होता. म्हशी परत गोठ्यात बांधल्या गेल्या होत्या. माळावरच्या एका खोलीत सुविधा कक्ष होता, तिथला पोरगा कधी असायचा, कधी नसायचा. कुंपणाचे दगड लोकांनी हळूहळू नेले होते. गहिनीनाथ तिकडं फारसे जात नसत. भगवानरावांना अर्धांग झालं होतं. ते खाटेवर पडून असायचे आणि बोलताना जीभ अडखळायची. संस्थेत नवा चेअरमन आला होता, तरणाबांड, हिशेबी.

एका सकाळी केसरबाई गहिनीनाथांच्या दारात येऊन बसली. बायनाबाईनं तिला पाणी दिलं. तिनं सांगितलं की नव्या चेअरमनला दालन पेंडीच्या गोदामाला पाहिजे. दिवाळीच्या आत खाली करा म्हणाला. पोरी बारा-पंधरा आहेत. शिवकन्या तालुक्याला एका संस्थेत कामाला लागली होती, पण रात्री अजून दालनातच झोपायला यायची.

"तुमी बोलून बगा," केसरबाई म्हणाली.

"मी आता कोण, केसरबाई? मी रिटायर झालो."

"मंग तर फुरसत हाय."

बायनाबाई पदर तोंडाला लावून हसली. गहिनीनाथ ओट्यावर तसेच बसून राहिले. समोर अंगणात उन्ह चढत होतं. काय बोलायचं ते त्यांना ठाऊक होतं, आणि ऐकणारा काय म्हणेल तेही. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

नव्या चेअरमनचं घर पाझर तलावाच्या अंगाला होतं. केसरबाई पुढं, गहिनीनाथ मागं, असे दोघं गेले. चेअरमन आंघोळीला गेले होते. बराच वेळ बसवून ठेवलं, चहा आला. चेअरमन केस पुसत आले, त्यांनी सगळं ऐकलं, आणि पेंडीचा धंदा कसा आहे ते समजावून सांगितलं. त्यांचंही खोटं नव्हतं. गहिनीनाथांनी मध्ये अडवलं नाही. शेवटी चेअरमन म्हणाले की तुम्ही वडीलधारे आलात, तुमचा शब्द मोडवत नाही, या साली राहू द्या. पण पुढच्या साली मी ऐकणार नाही.

"बरं," गहिनीनाथ म्हणाले.

बाहेर आल्यावर केसरबाई म्हणाली, एक साल म्हणजे काय, बघता बघता जाईल. गहिनीनाथ म्हणाले, जाईल. पुढच्या साली पोळ्यालाच येऊन बसू, दिवाळीपर्यंत थांबायला नको. केसरबाईला संस्थेत जाऊन पोरींना सांगायचं होतं, ती बांधाच्या वाटेनं गेली. गहिनीनाथ सडकेनं घराकडं निघाले. निम्म्या वाटेत त्यांना दम लागला, तेव्हा ते एका मैलाच्या दगडावर टेकले आणि सिरसाळ्याकडं जाणारी एखादी जीप येते का, ते बघत राहिले.